जुन्या मोटारसायकलचें इंजिन बदलणें : एक अनुभव व कांहीं सूचना

शेतकऱ्याच्या दारांत एकदां आलेलें साधन सहसा बाहेर जात नाहीं. विहिरीवरचें ऑइल इंजिन तीस तीस वर्षें चालवावें, त्याच्या रिंगा बदलाव्या, पिस्टन बदलावा, आणि पुढें विजेची मोटार आली तरीहि तें गोठ्याच्या कोपऱ्यांत पोत्याखालीं झांकून ठेवावें, ही आपली रीत आहे. अलीकडे या यादींत मोटारसायकलचीहि भर पडली आहे. वैरणीचा भारा, दुधाचे कॅन, बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप आणि शाळेंत जाणारीं दोन पोरें, इतकें सर्व जी एका दिवसांत वाहते, ती गाडी घरच्या जनावराप्रमाणेंच जीव लावते. पुढें तिचें इंजिन थकतें, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि प्रश्न उभा राहतो कीं गाडी भंगारांत घालावी, कीं तिच्यांत दुसरें इंजिन बसवावें? या बाबतींत आम्हांस स्वतःस जो अनुभव आला व आमच्या हातून जी चूक झाली, ती शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

भाग दुर्मिळ कां होतात?

आमचा मुलूख म्हणजे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा कारखान्यांचा पट्टा. जेथें दुचाकी गाड्या जन्मास येतात, तेथेंच त्यांचे भाग मिळूं नयेत हें नवल वाटेल. परंतु कारण सरळ आहे. कारखाना पुढें जातो व गाडी मागें राहते. आकुर्डीच्या बजाज कंपनीनें जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्यानें १९८६ मध्यें केबी १०० ही मोटारसायकल काढली. १९९१ मध्यें फोर-एस चँपियन आली, १९९७ मध्यें बॉक्सर, १९९८ मध्यें कॅलिबर. १९९९ मध्यें चाकणचा कारखाना सुरू झाला व २००१ मध्यें पल्सर आली. २००७ मध्यें आकुर्डीच्या कारखान्यांतील गाड्यांचें उत्पादन बंद झालें, आणि २०१७ मध्यें कावासाकीशीं असलेली या देशांतील विक्रीची भागीदारीहि संपली. त्याच आकुर्डीस २०२२ पासून विजेवर चालणारी चेतक तयार होऊं लागली. नव्या पिढीचे भाग दुकानाच्या फळीवर आले म्हणजे मागच्या पिढीच्या भागांस जागा उरत नाहीं. यांत दुकानदारास दोष देतां येत नाहीं. जो माल वर्षांतून एकदां खपतो त्यांत तो आपलें भांडवल कां अडकवील?

इंजिन बदलण्याचा प्रसंग केवळ आपल्यासारख्यांवरच येतो असें मात्र नाहीं. तो कारखानदारावरहि येतो. बजाजनें २००१ मध्यें एलिमिनेटर नांवाची लांब व ऐसपैस बैठकीची गाडी काढली. तिचें १७५ घनसेंटीमीटरचें इंजिन कावासाकीचें होतें. गाडीचा सांगाडा लोकांस आवडला, पण परक्या घरचें इंजिन महागांत पडे. तेव्हां २००५ मध्यें कंपनीनें तोच घाट कायम ठेवून त्यांत आपल्या घरच्या पल्सरचें १८० घनसेंटीमीटरच्या वर्गांतील इंजिन बसविलें व तिचें नांव ॲव्हेंजर ठेविलें. जोडींतला एक बैल गेला असतां दुसऱ्यास विकून न टाकतां त्याच्या उंचीचा व चालीचा जोडीदार पाहावा, तसाच हा प्रकार. मात्र कारखान्यानें तें नव्या नांवानें, नवी मान्यता घेऊन व नवे कागद करून केलें, हें ध्यानांत ठेवावें. आमची चूक झाली ती नेमकी येथेंच.

आमची गाडी

आमची गाडी फोर-एस चँपियन, १९९३ सालची. आम्ही त्या वेळीं महसूल खात्यांत कारकून होतों. वडिलांनीं त्या सालचा कांदा चाकणच्या बाजारांत घातला, आणि आडत्याची पट्टी हातांत पडतांच आम्हांस म्हणाले, "तुला नोकरीसाठीं व मला बाजारासाठीं, अशी एकच गाडी घेऊं." गाडी आली त्याच आठवड्यांत त्यांनीं गांवच्या लोहाराकडून मागें एक लोखंडी कॅरिअर करवून घेतलें. कांद्याच्या दोन पिशव्या आडव्या बसतील असें त्याचें माप त्यांनीं स्वतः वितीनें घेतलें होतें. तें कॅरिअर आजहि गाडीवर आहे. पीकपाहणी, पंचनामे, वसुली यांकरितां आम्ही त्या गाडीवर गांवोगांव फिरलों, आणि सुटीच्या दिवशीं वडील मागें बसून बांधाबांधानें हिंडले. २०११ मध्यें ते गेले. तेव्हांपासून ती गाडी विकण्याचा विषय आमच्या घरांत कोणी काढीत नाहीं.

२०२१ पासून इंजिन थकल्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. सकाळीं चालू करतांना निळसर धूर, चढावर ओढ कमी, आणि दर पंधरवड्यास तेल भरावें लागणें. निळा धूर म्हणजे तेल पिस्टनच्या रिंगांवरून अगर व्हॉल्व्हच्या बाजूनें वर जाऊन जळतें अशी खूण होय. अशा वेळीं सिलिंडर आंतून कातून मोठा करतात व त्यांत पाव मिलिमीटरच्या पायरीनें मोठा पिस्टन घालतात. आमच्या गाडीचें हें काम दोनदां झालेलें होतें. या खेपेस क्रँकच्या बेअरिंगचा आवाज येत होता, टायमिंग चेनचें चक्र झिजलें होतें, आणि त्या मापाचा पिस्टन चाकणांत, भोसरींत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांतहि मिळाला नाहीं. चिखलीनजीक कुदळवाडीस त्या वेळीं भंगाराचीं गोदामें होतीं. तेथेंहि दोन दिवस हिंडलों. (२०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें तीं गोदामें पाडलीं, त्यामुळें जुन्या भागांचें तें ठिकाणहि आतां राहिलें नाहीं.)

आमची चूक

२०२२ मध्यें एका मेस्त्रीनें सांगितलें कीं एका भंगारवाल्याकडे याच मॉडेलचें अख्खें इंजिन आहे, तें उचलून बसवूं. इंजिन खरोखरच चांगलें होतें. त्याच बनावटीचें असल्यामुळें सर्व बोल्ट आपापल्या भोंकांत बसले, चेन एका रेषेंत आली, कार्बोरेटर जुनाच लागला. दुपारीं काम हातीं घेतलें आणि दिवेलागणीपूर्वीं गाडी घरीं आली. धूर नाहीं, खडखडाट नाहीं. आम्ही त्या आनंदांत पावती मागितली नाहीं, आणि इंजिन कोणत्या गाडीचें हेंहि विचारलें नाहीं. जुनें इंजिन मेस्त्रीच्या छपरांतच राहिलें.

दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व पुढें दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें, हें वाचकांस माहीत असेलच. आमची मुदत २०२३ मध्यें भरली. पर्यावरण कर भरून गाडी तपासणीस नेली. निरीक्षकानें फडक्यानें इंजिनावरची धूळ पुसली, नंबर वाचला, आर.सी. बुकांत पाहिला, आणि पुन्हा वाचला. मग शांतपणें विचारलें, "हें इंजिन कोणाचें? नोंद कोठें आहे?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीस वर्षें कचेरींत बसून आम्हीं लोकांस हाच प्रश्न विचारला होता. भावाभावांनीं तोंडीं वाटणी केली, खरेदीखत झालें पण फेरफार नोंदविला नाहीं, बापाचें नांव सातबारावर तसेंच राहिलें, आणि मग पीककर्जाच्या वेळीं किंवा भूसंपादनाचा मोबदला वाटण्याच्या वेळीं घरांत तंटा उभा राहिला, अशीं प्रकरणें आमच्या टेबलावरून किती गेलीं याची गणती नाहीं. चाकण परिसरांतील जमिनी कारखान्यांसाठीं घेतल्या गेल्या तेव्हां जमीन कसणारा एक व कागदावर नांव दुसऱ्याचें, या एका कारणानें कित्येक कुटुंबांचे पैसे अडकून पडलेले आम्हीं पाहिले. त्या प्रत्येक माणसास आम्ही सांगत असूं कीं, "बाबा, नोंद वेळेवर कां केली नाहीं?" सेवानिवृत्तीस थोडे महिने राहिले असतां तोच प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. मनास भीतीहि वाटली. कारण तें इंजिन चोरीच्या गाडीचें असतें तर? निरीक्षकाचें वर्तन नियमास धरून होतें, व त्यांत तक्रार करण्याजोगें कांहीं नव्हतें. मूळ इंजिन तरी आणा, नाहीं तर या इंजिनाचे कागद आणा, एवढेंच त्यांनीं सांगितलें.

गाडीचा सातबारा

आर.सी. बुक म्हणजे गाडीचा सातबाराच होय. चासी नंबर हा गट नंबरासारखा, तो कायमचा. इंजिन नंबर हा कब्जेदाराच्या नांवासारखा. तो बदलूं शकतो, पण बदलला तर फेरफार झाला पाहिजे. जमिनीचा हक्क प्राप्त झाला असतां तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावें असें जमीन महसूल संहिता सांगते. गाडीच्या बाबतींत मुदत याहून पुष्कळ कमी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्यें, मान्यतेवांचून फेरबदल झाला किंवा इंजिन बदललें गेलें तर मालकानें चौदा दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून आर.सी. बुक दुरुस्तीसाठीं पाठवावें असें सांगितलें आहे. अगोदर मान्यता घेणें हाच उत्तम मार्ग.

दुसरी गोष्ट अशी कीं, कोणतेंहि इंजिन कोणत्याहि गाडींत घालण्यास मोकळीक नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल गाडींत करतां येत नाहीं. त्याच वर्षीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं शिक्षा ठरविल्या आहेत. एके काळीं बुलेटच्या सांगाड्यांत डिझेलचें इंजिन बसवून फिरणारे हौशी शेतकरी पुष्कळ होते. एनफील्ड कंपनीनें स्वतःहि टॉरस नांवाची ३२५ घनसेंटीमीटरची डिझेल गाडी विकली. पण कंपनीची डिझेल गाडी निराळी, आणि घरीं तयार केलेली निराळी. पहिलीचा कागद कारखान्यांतून येतो. दुसरीचा येत नाहीं. अपघात झाला असतां विमा कंपनी प्रथम नंबर ताडून पाहते, आणि नंबर न जुळल्यास भरपाईचा मार्ग कठीण होतो.

उपाय कसा सांपडला

आम्ही तसेच मेस्त्रीकडे गेलों. जुनें इंजिन पोत्याखालीं पडलें होतें; हेड व कार्बोरेटरचा जोड कोणी काढून नेला होता, आणि उरलेलें त्याच आठवड्यांत वजनावर विकलें जाणार होतें. आम्ही तें उचलून घरीं आणलें. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्यें उभा जन्म लेथवर घालविलेले एक वृद्ध फिटर आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनीं इंजिन खाटेवर ठेवून, तेलकट फडक्यानें पुसून नंबर दाखविला व म्हणाले, "रावसाहेब, नंबर पेटीवर आहे. पेटी शाबूत आहे. आंतलें सामान दुसऱ्या इंजिनांतून यांत भरा, म्हणजे इंजिन तुमचेंच राहिलें."

ही गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर, म्हणजे क्रँक व गिअर ज्या पेटींत बसतात त्या पेटीवर कोरलेला असतो. झिजतात ते आंतले भाग : पिस्टन, रिंगा, सिलिंडर, क्रँक, बेअरिंग, गिअर. पेटी फुटली नसेल व बेअरिंगच्या बैठकी ढिल्या झाल्या नसतील, तर ती पुष्कळ वर्षें टिकते. त्या फिटरांनीं दोन्हीं इंजिनें उघडलीं. बेअरिंगच्या बैठकींचें माप घेतलें. तें बरोबर भरलें. पेटीचीं दोन्हीं अंगें कारखान्यांत एकत्र कातलेलीं असतात, म्हणून एक अंग जुन्याचें व एक नव्याचें असें कधीं जोडूं नये, हें त्यांनीं आम्हांस बजाविलें. आमच्या पेटीचीं दोन्हीं अंगें कायम ठेवून आंत दुसऱ्या इंजिनाचा क्रँक, गिअर, सिलिंडर, पिस्टन व वर हेड बसविलें. बेअरिंगें नवीं घातलीं. बेअरिंगवर त्याचा नंबर कोरलेला असतो. तो सांगितला असतां कोणत्याहि मोठ्या बाजारांत तें मिळतें, गाडीचें मॉडेल सांगावें लागत नाहीं. तेलाचीं सीलेंहि मापावर मिळतात. गॅस्केट त्यांनीं कागद कापून केलें. क्लचचें एक बुश कोठेंच मिळालें नाहीं, तें लेथवर कातून घेतलें. सर्व खर्च एका चांगल्या दुभत्या शेळीच्या किंमतीइतका आला.

भंगारवाल्याच्या इंजिनाची रिकामी पेटी आम्हीं विकली नाहीं. तिचा नंबर पोलीस ठाण्यांत लेखी कळवून त्याची पोंच घेतली व ती पोंच गाडीच्या कागदांत ठेविली. पहिले पांचशें किलोमीटर गाडी ताशीं चाळीसच्या वर नेली नाहीं, कॅरिअरवर ओझें घातलें नाहीं, व त्यानंतर तेल बदललें. मग गाडी पुन्हा तपासणीस नेली. त्याच निरीक्षकानें धूळ पुसली, नंबर वाचला, बुकांत पाहिला, आणि सही केली.

शेतकरी बंधूंस सूचना

१. इंजिन उतरविण्यापूर्वीं सिलिंडरची तपासणी करवावी. शेवटच्या मापापर्यंत कातलेला सिलिंडरहि कित्येकदां नवी स्लीव्ह ठोकून वांचतो. इंजिन बदलणें हा शेवटचा उपाय समजावा.

२. पेटी शाबूत असेल तर आंतले भाग बदलावे. पेटी बदलूं नये. यानें नंबर कायम राहतो व कागदास धक्का लागत नाहीं.

३. पेटीच फुटली असेल, तर त्याच बनावटीचें व त्याच मॉडेलचें इंजिन पाहावें. मेस्त्री म्हणतील कीं याच कंपनीचें पुढच्या मॉडेलचें बसतें. तें बसत असेलहि, परंतु कागदावर बसेल कीं नाहीं हें अगोदर परिवहन कार्यालयांत विचारावें.

४. दुसरें इंजिन घेतांना मूळ गाडीच्या आर.सी. बुकाची प्रत, विकणाराची सहीची पावती व ओळखपत्राची प्रत घ्यावी. या तिन्हींवांचून इंजिन फुकट मिळालें तरी घेऊं नये.

५. मान्यता घेऊन इंजिन बसवावें, आर.सी. बुकांत नवा नंबर चढवून घ्यावा, व विमा कंपनीसहि लेखी कळवावें.

६. जुनें इंजिन मेस्त्रीकडे सोडूं नये. नोंद पूर्ण होईपर्यंत तें आपल्या घरीं असावें.

७. विजेवर गाडी चालविण्याचा संच बसवावयाचा असल्यास, त्यास कायद्यानें वाट ठेविली आहे. परंतु तो संच आपल्याच मॉडेलसाठीं मान्य झालेला असला पाहिजे. अशा संचांची तपासणी करणारी एक मोठी संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्यासच आहे. विकणाराकडे मान्यतेचा कागद मागावा, व नसेल तर परत फिरावें.

आमचा पुतण्या म्हणतो कीं, एवढ्या खटाटोपांत हप्त्यावर नवी गाडी आली असती. त्याचें म्हणणें हिशेबानें खोटें नाहीं, आणि ज्यास रोज पुण्यास नोकरीस जावयाचें आहे त्यानें नवीच गाडी घ्यावी. पण आमची गाडी आतां घर, मळा व चाकणचा बाजार एवढेंच अंतर चालते. तेवढ्यास ती पुरे आहे. कॅरिअरवर आजहि कांद्याच्या दोन पिशव्या वडिलांनीं घेतलेल्या मापांत आडव्या बसतात.

हा लेख वाचून झाल्यावर वाचकांनीं एक काम करावें. आपल्या गाडीच्या इंजिनावरची धूळ पुसावी, चासीचा व इंजिनाचा नंबर कागदावर उतरून घ्यावा, आणि आर.सी. बुकाशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल त्यांनीं तर हें आजच करावें. नंबर जुळला तर उत्तमच. न जुळला तर तपासणीच्या रांगेंत तो प्रथम कळण्यापेक्षां आपल्याच अंगणांत कळलेला बरा.